काट्यावरचा कापूस

कापसाच्या पहिल्या वेचणीआधी माय वावरात सीतादही करायची. पऱ्हाटीच्या एखाद्या भरल्या झाडाखाली पाच खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग पहिल्या बोंडाला हात घालायचा. हात जोडून ती म्हणायची, "सीतामाय, घर भरू दे." एवढंच. भाव तिने कधीच मागितला नाही. पीक सीतामायच्या हाती आणि भाव सरकारच्या, असं तिला वाटायचं, आणि तिचा दोघांवरही भरवसा होता.

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातलं आमचं गाव, साल १९७८-७९. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. दिवाळीपासून पुढे दोन महिने आमच्या घरात माणसांपेक्षा कापसाला जागा जास्त लागे. ओसरीतली गंजी आढ्याला टेकायची. आम्ही पोरं तिच्यावर चढून उड्या मारायचो आणि माय खालून ओरडायची, "मातीचे पाय घेऊन चढू नका रे, कापूस काळा पडते!" रात्री त्याच गंजीच्या कडेला गोधडी टाकून झोपायचं. सरकीचा तो तेलकट, उबदार वास आजही कुठे आला, तर मला आधी घर आठवतं आणि मग कापूस.

बंडी भरायचा दिवस ठरला की बाबा दुपारपासून तट्टे बांधायला घ्यायचे. दोन माणसं बंडीत उभी राहून कापूस पायाने तुडवायची, खालून बाकीचे ओझी देत राहायचे. संध्याकाळी बंडी निघायची आणि खरेदी केंद्राजवळ पोचायला मध्यरात्र व्हायची. तिथे आधीच शंभर-दीडशे बंड्यांची रांग लागलेली असे. बैल सोडून त्यांना कडबा टाकायचा, तुराट्यांचा जाळ करायचा, भाकर आणि मिरचीचा ठेचा सोडायचा. कुणाजवळ खंजिरी असली की तुकडोजी महाराजांची भजनं सुरू व्हायची. ओळख नसलेली माणसं एकमेकांना "तुमच्याकडं बोंडं कशी हायेत?" एवढं विचारून रात्रभराचे सोबती होत. थंडीत त्या जाळाभोवती बसून मी जेवढं जग ऐकलं, तेवढं पुढे शाळेतही ऐकलं नाही.

सकाळी ग्रेडर यायचा. बंडीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढायचा आणि प्रत सांगायचा. त्या क्षणी बाबांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा व्हायचा. मग काटा. काट्याजवळ बाबा कुणाशी बोलत नसत. नजर काट्यावरून हलवत नसत. वर्षभराची मेहनत तेवढ्या अर्ध्या मिनिटात आकडा होऊन पट्टीवर उतरायची, आणि ती पट्टी घडी घालून ते बंडीच्या खिशात ठेवायचे. शर्टाच्या आतल्या सुती बंडीच्या, अंगाला लागून.

ही सगळी व्यवस्था १९७२ सालच्या हंगामापासून उभी राहिली होती: कापूस एकाधिकार खरेदी योजना. मुख्यमंत्री वसंतराव नाईक आमच्याच जिल्ह्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे. महाराष्ट्रात पिकलेला कापूस सरकारशिवाय कुणी विकत घ्यायचा नाही, ठरलेल्या भावाने घ्यायचा, गाठी विकून जास्त पैसे आले तर शेतकऱ्याला वरचा वाटा द्यायचा, अशी मूळ कल्पना. वणीत असो की उमरखेडमध्ये, प्रत तीच तर भाव तोच. व्यापाऱ्याने रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची पद्धत ज्यांनी पाहिली होती, त्या आमच्या आज्यासारख्या माणसांना हे स्वराज्य वाटलं होतं.

त्या दिवसांना मी सोन्याचा मुलामा देणार नाही. चुकाऱ्यासाठी बाबांनी किती हेलपाटे घातले ते मी पाहिलं आहे. आमच्या केंद्रावर एका वर्षी चांगल्या कापसाला खालची प्रत लागली आणि बाबा दोन दिवस जेवले नाहीत. शेजारच्या आंध्रात भाव चढला की पांढरकवड्याकडचा कापूस रात्रीतून पैनगंगेपलीकडे आदिलाबादला जायचा, आणि स्वतःचा माल विकणारा कास्तकार चोर ठरायचा. तरीही एक गोष्ट होती. भाव पटला नाही तर कुणाच्या दारात जाऊन बसायचं, हे ठाऊक होतं. मोर्चा काढायला एक पत्ता होता. बाबा सांगायचे, योजना आली त्या सुमारास एक क्विंटल कापूस विकला की तोळाभर सोनं यायचं. बहिणीच्या लग्नाचा हिशेब त्यांनी तोळ्यात नाही, क्विंटलात मांडला होता.

पत्ता नसण्याचे दिवसही आमच्या मुलखाने आधी पाहिले होते, पण ते कळायला मला शकुंतलेत बसावं लागलं.

माझी आत्या दारव्ह्याला. तिच्याकडे जायचं म्हणजे यवतमाळहून शकुंतला गाडी. लहान रूळ, वाफेचं इंजिन, लाडखेडला थांबली की लोक उतरून शेतातली बोरं वेचून परत चढायचे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, आणि दिवस असा सरकायचा जसा बंडीत सरकतो. तिचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलं होतं आणि ते १९९४ पर्यंत याच रुळांवर धावत होतं. मँचेस्टरच का? आज्याने मला दारव्हा मोतीबागच्या फलाटावर सांगितलं, "पोरा, ही गाडी माणसाईसाठी नाही बसवली. कापसासाठी बसवली."

पुढे वाचलं तेव्हा आज्याच्या त्या एका वाक्यामागचा सगळा इतिहास दिसला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडकला आणि मँचेस्टरभोवतीच्या, लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाडाकडे वळल्या. निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलेला हा काळ्या मातीचा पट्टा त्यांना आयताच मिळाला होता. कापसासाठी खास आयुक्त नेमला गेला, १८६७ मध्ये मोठी रेल्वे नागपूरला पोचली, आणि मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आमच्या जिल्ह्यातला कापूस त्या मोठ्या रेल्वेपर्यंत न्यायला शकुंतलेचे रूळ पडले. युद्ध संपल्यावर अमेरिकेचा कापूस परत आला, भाव कोसळला, पण वऱ्हाडातली ज्वारी जिथून हटली होती तिथे कापूस राहिला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात याच श्रीमंत म्हणवल्या जाणाऱ्या मुलखात माणसं अन्नाविना मेली. रुईच्या गाठी त्याही वर्षांत बंदराकडे जातच होत्या. आणि ही गाडी? रूळ इंग्रज कंपनीच्या मालकीचे होते, देशभरातल्या रेल्वे सरकारी झाल्या तेव्हाही ही सुटून राहिली, आणि स्वातंत्र्यानंतर कितीतरी दशकं आपली रेल्वे त्या रुळांवर गाडी चालवण्याचे पैसे त्या कंपनीला मोजत होती.

आता शकुंतला बंद आहे. रुळांवर बाभळी उगवल्या आहेत. तिच्यासाठी लोक अजून निवेदनं देतात, आंदोलनं करतात, आणि मला ते अगदी योग्य वाटतं. जी गाडी शंभर वर्षं इथला माल बाहेर नेत होती, तिने उरलेला काळ इथल्या माणसांना न्यावं, एवढं मागणं गैर कसं?

माझ्या पिढीचा समज असा, की इंग्लंडातल्या लिव्हरपूलच्या बाजारातून कापसाचा भाव यायचा तो काळ संपला. एकाधिकार योजनेने तो संपवला. हा समज २००१ साली मोडला.

त्या वर्षी जगाच्या बाजारात रुईचा भाव पौंडाला चाळीस सेंटच्या खाली गेला. १९९५ च्या सुमारास तोच भाव एका डॉलरपर्यंत चढलेला होता. माझा भाऊ तेव्हा शेती पाहत होता, मी यवतमाळात शिकवत होतो. त्याने फोनवर विचारलं, "दादा, पाऊस बरा झाला, पीक बरं आलं, मंग भाव पडला कायले?" मला उत्तर देता आलं नाही. ते शोधता शोधता मी या विषयात शिरलो तो अजून बाहेर आलेलो नाही.

भाव पडायची कारणं एकापेक्षा जास्त होती, पण त्यातलं एक मला आजही झोपू देत नाही. अमेरिकेत कापूस पिकवणारे शेतकरी सुमारे २५ हजार. म्हणजे आमच्या एका तालुक्यात मावतील एवढे. त्या एका हंगामात त्यांच्या सरकारने त्यांना ३०० कोटी डॉलरच्या वर अनुदान दिलं. भाव पडला की तिथला शेतकरी पेरा कमी करत नाही, कारण फरक सरकार भरून देतं. मग तो स्वस्त कापूस जगभर जातो आणि सगळ्यांचा भाव खाली ओढतो. आपल्याकडेही त्या वर्षांत बाहेरून लाखो गाठी आल्या. इकडे हमीभावाने घेतलेला कापूस तोट्यात विकून एकाधिकार योजना कर्जात रुतत गेली आणि २००२ मध्ये एकाधिकार गेला. राज्याच्या कारभारातल्या चुका होत्याच, आणि त्या मोठ्या होत्या. पण ज्या काट्यावर आम्ही कापूस ठेवत होतो त्याच्या दुसऱ्या पारड्यात कुणीतरी आपला खजिना ठेवला होता, हे आमच्या मोर्च्यांत कधी कुणी बोललं नव्हतं.

भाव पाडला जातो, हे शेतकरी संघटनेचे शरद जोशी बोलत होते, एवढं मात्र नोंदवलं पाहिजे. 'उणे सबसिडी' हा शब्द विदर्भातल्या कास्तकाराला त्यांनी शिकवला: सरकार तुम्हाला देत काही नाही, उलट निर्यातबंदी आणि आयातीने भाव पाडून तुमच्याच खिशातून घेते. आमच्या ओसरीत यावरून बाबा आणि भाऊ यांची भांडणं व्हायची. बाबांना सरकारी खरेदी हवी होती, भावाला खुला बाजार. जोशींच्या मांडणीवर मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्या सरकारबद्दल ते बरोबर होते. एप्रिल २०१० आणि मार्च २०१२ मध्ये भाव चढत असताना दिल्लीने कापसाची निर्यात रोखली, तेव्हा तर त्यांचा शब्द न् शब्द पटला. पण ज्या खुल्या बाजारावर त्यांनी भरवसा ठेवला, तो पलीकडून कधी खुला झालाच नाही. संघटनेची घोषणा होती, "भीक नको, हवे घामाचे दाम." श्रीमंत आणि गरीब देशांमधल्या व्यवहाराबद्दल मी पुढे जे काही वाचलं, त्यात याहून नेमकं मागणं मला सापडलं नाही.

आणि हे मागणं आपलं एकट्याचं नव्हतं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार देश २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेसमोर उभे राहिले. बुर्किना फासोचे अध्यक्ष स्वतः जिनिव्हाला गेले. त्यांनी मदत मागितली नाही. ते म्हणाले, तुमची अनुदानं बंद करा, आमचं आम्ही पाहू, आणि तोवर झालेलं नुकसान भरून द्या. त्या सप्टेंबरात कानकूनला परिषद मोडली, आणि मोडण्यामागच्या कारणांत कापूसही होता. त्या चार देशांत कापूस वावरातून हातानेच वेचतात, बाया-लेकरं वेचतात, कोरडवाहू जमिनीत पिकवतात. ते वर्णन वाचताना मला वाटलं, हे तर आमच्याकडचं कळंब-बाभुळगाव.

ब्राझीलकडे वकील लावायला पैसे होते. त्याने २००२ मध्ये अमेरिकेविरुद्ध तक्रार केली, २००४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, अपिलातही २००५ मध्ये टिकला. मग काय झालं? अमेरिकेने अनुदानाचा कायदा मुळातून बदलण्याऐवजी २०१० पासून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला १४.७३ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. ज्याच्याकडे लढायची ताकद होती त्याला भरपाई मिळाली. मालीला नाही, यवतमाळला नाही.

आमच्या वाट्याला आलेला हिशेब वेगळाच. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत सांगितलं, की भारत कापसाला मर्यादेबाहेर मदत देतो. आमचा हमीभाव म्हणजे मर्यादेबाहेरची मदत! कशी मोजली? शेती कराराच्या नियमाप्रमाणे आजच्या हमीभावातून १९८६ ते १९८८ या तीन वर्षांतली जागतिक किंमत वजा करायची. उरेल ती दर क्विंटलमागची मदत. मधल्या तीस वर्षांत डिझेल, मजुरी, खत, शाळेची फी सगळं कितीपट झालं, रुपया डॉलरपुढे किती घसरला, याला त्या हिशेबात पुरेशी जागा नाही. भारताने हरकत घेतली, वाद चालू राहिला. आणि हा नियम लिहिला गेला तेव्हा अमेरिकेसारख्या देशांनी स्वतःसाठी वेगळी मुभा राखून ठेवली होती. तिची ती मुभा वर्षाला १,९१० कोटी डॉलरची आहे.

१९८६ हे साल वाचलं की आमच्या जिल्ह्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे तक्ता येत नाही. त्याच वर्षी १९ मार्चला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका कास्तकाराने बायको आणि चार लेकरांसह जीव दिला. दरवर्षी त्या दिवशी अनेक लोक एक दिवस अन्न सोडतात, मीही सोडतो. जिनिव्हातल्या कागदावर जे 'आधार वर्ष' आहे, त्या वर्षी आमच्याकडचं एक कुटुंब जगू शकलं नव्हतं. त्या वर्षीचा भाव आधार धरून आजचा भाव जास्त ठरवायचा, हे मला कुठल्याही न्यायात बसवता येत नाही.

बियाण्याचीही तीच तऱ्हा. आमच्या लहानपणी सरकी शेणात घोळून, सुकवून, घरचीच पेरायचो. २००२ मध्ये बीटी आलं, आणि ४५० ग्रॅमच्या पिशवीला पहिली काही वर्षं सोळाशेच्या वर रुपये मोजावे लागले. त्यातला मोठा हिस्सा परदेशी तंत्रज्ञानाच्या मालकीपोटी जायचा. बोंडअळी काही वर्षं थांबली हे खरं, आणि माझ्या भावाने त्या वर्षांत कर्ज फेडलं हेही खरं. पण गुलाबी बोंडअळी परत आली. २०१७ च्या पावसाळ्यात पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती, फवारताना विष अंगावर येत होतं. जिल्ह्यात वीसच्या वर माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात गेली, काहींची नजर जायची वेळ आली. त्यात वापरल्या गेलेल्या एका औषधाचा घटक ते बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या देशात, स्वित्झर्लंडमध्ये, वापरायला परवानगी नव्हती. पुढे आमच्या जिल्ह्यातली काही कुटुंबं तिथल्या बाझेल शहरातल्या न्यायालयापर्यंत गेली. यवतमाळच्या खेड्यातला माणूस बाझेलला दाद मागतो, या गोष्टीचं मला दुःख आहे आणि अभिमानही. जे विष तिथल्या पिकाला चालत नाही ते इथल्या माणसाच्या अंगावर कसं चालतं, हा प्रश्न विचारायला आधी तिथपर्यंत वाट असावी लागते. ती वाट या लोकांनी पाडली.

२०२५ च्या हंगामात माझ्या भावाचा मुलगा मला काट्यावर घेऊन गेला. आता बंड्या नाहीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आहेत. जाळ नाही, थंडीत सगळे आपापल्या मोबाइलच्या उजेडात बसतात. सरकारी खरेदीसाठी मोबाइलवर नोंद करावी लागते. ग्रेडरच्या अंगठ्यांऐवजी आता ओलावा मोजायचं यंत्र आहे. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कापणी, बारावर गेला की परत. ते मला बरं वाटलं. यंत्र चेहरा पाहून आकडा बदलत नाही. पूर्ण ट्रॉली मोठ्या काट्यावर चढते आणि लाल आकडे झळकतात, कुणी काटा दाबून धरायची भीती नाही. माप सुधारलं आहे, हे कबूल केलं पाहिजे.

भाव मात्र पुन्हा पत्ता नसलेल्या ठिकाणाहून येतो. ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लावला. कापडाची निर्यात अडचणीत आली, म्हणून गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा यासाठी आपल्या सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचा ११ टक्के आयात कर काढला, आणि सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमकी आमची वेचणी. पेरणी तर जूनमध्येच होऊन गेली होती. दोन सरकारांच्या भांडणात गिरणीचा विचार झाला, गिरणीतल्या कामगाराचाही झाला असेल आणि तो व्हायलाच हवा. पण पऱ्हाटी लावून बसलेल्याला तीन महिने आधी कळवावं, नुकसान झालं तर ते कुणीतरी उचलावं, एवढं तरी कुणी मनावर घ्यायला हवं होतं. लांब धाग्याचा हमीभाव होता ८,११० रुपये. बाहेर व्यापारी त्याच्या खाली मागत होते. सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलं होतं.

मी घरून बाबांची एक जुनी काटापट्टी सोबत नेली होती. कागद पिवळा पडला आहे, शाई फिकी झाली आहे, घड्यांवर तो फाटत चालला आहे. पोराने तिचा फोटो काढला, मग स्वतःच्या मोबाइलवर न्यूयॉर्कचा वायदा पाहिला. तो रोज पाहतो. आज्याच्या बापाला तारेने आलेला लिव्हरपूलचा भाव कळायचा तो व्यापाऱ्याकडून. याला थेट कळतो, एवढा फरक आहे. पाहून करायचं काय, हे तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आताही नाही.

घरी सीतादही अजून होतं. भावजय करते. त्या वर्षी मी मुद्दाम थांबलो होतो. तिने खडे मांडले, नैवेद्य दाखवला, हात जोडले आणि पुटपुटली, "घर भरू दे, भाव लागू दे." मायच्या तोंडी नसलेले ते शेवटचे शब्द ऐकून मी नंतर बराच वेळ धुऱ्यावर बसून होतो.

काट्यावरच्या रांगेत त्या दिवशी आमचा नंबर यायला रात्र होणार होती. मी पोराला त्या चार देशांची गोष्ट सांगितली. त्याने नीट ऐकली. मालीचा नकाशा मोबाइलवर काढला, बोटांनी मोठा केला, तिथल्या वावरांचे फोटो पाहिले. "मोठेबाबा, हे तं आपल्यासारखंच वावर हाय," तो म्हणाला. मग जरा थांबून, "त्यायची वेचणी कधी असते?"

"आत्ताच. आपल्यासोबतच."

"मंग तेही आता रांगेतच असतीन," तो म्हणाला, आणि पुढची ट्रॉली सरकली तशी त्याने चावी फिरवली.